'अँजेलाज् ॲशेस': पुस्तक हसवतं, मग सिनेमा का हसवत नाही?

आडवाट

फ्रँक मकोर्टचं 'अँजेलाज् ॲशेस' १९९६ साली आलं तेव्हा लेखक ६६ वर्षांचा होता. उभी हयात न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवण्यात गेलेली, हे पहिलंच पुस्तक, आणि पुढच्याच वर्षी पुलित्झर. १९९९ मध्ये ॲलन पार्करने त्यावर सिनेमा काढला. पुस्तक वाचलेल्या कुणालाही विचारा. "काय भयंकर गरिबी हो" म्हणतील आणि दुसऱ्या वाक्याला हसत हसत एखादा किस्सा सांगतील. सिनेमा पाहिलेले गरिबी सांगतात, पाऊस सांगतात आणि गप्प होतात.

ज्यांनी दोन्हीतलं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी: फ्रँकचा जन्म ब्रुकलिनमधला, १९३०चा. मंदीचे दिवस. तान्ही बहीण मार्गारेट जाते, आई खचते, आणि सगळं आयर्लंड अमेरिकेची बोट पकडायला धडपडत असताना हे कुटुंब उलट्या दिशेने लिमरिकला येतं. तिथे ऑलिव्हर आणि यूजीन हे जुळे भाऊ एकापाठोपाठ एक जातात. बाप बेकारभत्ता घेऊन थेट पबमध्ये. गल्लीतल्या अकरा घरांत मिळून एक संडास, तोही नेमका यांच्या दाराला लागून. पोरगा एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसून परत अमेरिकेला जातो, तिथे पुस्तक संपतं.

सिनेमाची माणसं बघा. आई एमिली वॉटसन, बाप रॉबर्ट कार्लाइल, छायाचित्रण मायकेल सेरेसिन, संगीत जॉन विल्यम्स (ऑस्करचं नामांकनही मिळालं). एकेकाचं काम वेगळं काढून पाहिलं तर बोट ठेवायला जागा नाही. तरी सगळं मिळून जे होतं त्याला मी चांगलं चित्रित केलेलं दुःख म्हणेन. पुस्तक ते नव्हतं.

माझं म्हणणं असं की घोळ आवाजाचा आहे. पुस्तकाची सुरुवातीची पानं मोठ्या माणसाची आहेत, मागे वळून पाहणारी. मग एकदम क्लासन ॲव्हेन्यूवरच्या मैदानातला सीसॉ येतो. फ्रँक तीन वर्षांचा, धाकटा मॅलकी दोन वर्षांचा. तिथून वर्तमानकाळ सुरू होतो आणि शेवटपर्यंत सुटत नाही. अवतरणचिन्हंसुद्धा नाहीत. कोण काय बोललं ते पोराच्या कानावर पडलं तसं कागदावर. त्या पोराला भूक कळते, थंडी कळते, पण स्वतःची कीव करायला त्याला फुरसतच नाही. आपल्याला जे कळतं ते त्याला अजून कळलेलं नाही, आणि हसू येतं ते त्या फटीतून.

सिनेमाने निवेदन ठेवलं, पण कुणाचं? पोक्त पुरुषाचं, भूतकाळातलं. म्हणजे पुस्तकातला पहिल्या पानांचा आवाज घेतला आणि सीसॉवरचा आवाज सोडून दिला. वर कॅमेरा पोराच्या समोर उभा. हाडं दिसतात, फाटके बूट दिसतात, आणि विनोद पोचायच्या आत दया येऊन बसते.

घरात पाणी शिरतं तो भाग आठवा. खालची खोली बुडते, सगळे वरच्या खोलीत राहायला जातात, ती कोरडी आणि ऊबदार म्हणून तिचं नाव 'इटली'. खालचं आयर्लंड. वाचताना मी मोठ्याने हसले होते. पडद्यावर मला फक्त ओल दिसली.

तर प्रश्न हा: हा आवाज पडद्यावर येऊ शकतो का? का काही पुस्तकांना हातच लावू नये?

खडीसाखर

असहमत. आडवाट, तुम्ही पुस्तक आधी वाचलंत म्हणून हा त्रास. मी आधी सिनेमा पाहिला. एमिली वॉटसन शेगडीपुढे सिगरेट ओढत बसते, काही बोलत नाही, तो चेहरा मला पुस्तकात मिळाला नाही. पुस्तकात अँजेला ही पोराने पाहिलेली आई आहे. दमलेली, चिडणारी, दारोदार हात पसरणारी. सिनेमात ती बाई आहे, जिची तीन मुलं गेलीत. पोराच्या नजरेत न मावलेलं काहीतरी कॅमेऱ्याला दिसलं असेल तर तो फायदाच की!

आणि हसू येत नाही हे कुणी सांगितलं? बोट न्यूयॉर्क सोडते तेव्हा निवेदक म्हणतो की स्वातंत्र्यदेवतेला नमस्कार करायच्या ऐवजी रामराम ठोकणारं आमचंच एक आयरिश कुटुंब असावं. थिएटरात लोक हसले होते.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. खरं तर या धाग्यावर पावाचा तुकडा आणि पाणीचहा शोभला असता.

कात्री

संकलनात असल्यामुळे थोडं कामाच्या अंगाने.

आडवाट यांचं निदान अर्धं पटलं. पुस्तकातले विनोद दोन जातीचे आहेत. काही वाक्यात आहेत, काही घटनेत. घटनेतले पडद्यावर उतरतात, आणि पार्करने ते उतरवलेतही. पहिल्या कम्युनियनचा दिवस घ्या, म्हणजे पोराला चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्ताचं शरीर मानलेला पावाचा तुकडा मिळतो तो दिवस. आजी पोटभर खायला घालते, पोरगा परसात जाऊन सगळं ओकतो, आणि आजीवर आभाळ कोसळतं, कारण सकाळी त्याने देव गिळलेला, तो आता हिच्या परसात पडलाय. पोराला पाद्र्याकडे पिटाळते: धुवू कशाने? पाद्री सांगतो, पाण्याने. आजी परत पाठवते: साध्या पाण्याने की मंतरलेल्या? हे लिहितानाच दृश्य आहे. जायचं, विचारायचं, परत यायचं, परत जायचं. यात निवेदनाला काही कामच नाही. सिनेमातला हा तुकडा कुणालाही दाखवा, हसतोच.

'इटली' मात्र वाक्यातला विनोद आहे. तो मजेशीर आहे तो पोराने ते नाव गंभीरपणे वापरल्यामुळे. पडद्यावर तुम्ही जिना दाखवाल, पाणी दाखवाल, पात्राच्या तोंडी 'इटली' घालाल. प्रेक्षकाचं लक्ष पाण्यावर.

दुसरी अडचण वयाची. फ्रँकची तीन वयं, तीन मुलं: जो ब्रीन, किअरन ओवेन्स, मायकेल लेग. तिघंही चांगली. पण एका मुलाशी जरा सूत जुळतं न जुळतं तोच तो बदलतो. पुस्तकात वाक्यांची चाल हळूहळू मोठी होत जाते, वाचणाऱ्याला जोड कळत नाही. पडद्यावर जोड दिसणारच, कारण चेहराच वेगळा. मग सगळ्यांना बांधणारी एकच दोरी उरते, निवेदकाचा आवाज, आणि तो पोक्तच असावा लागतो. तीन मुलांचे तीन आवाज ठेवले असते तर प्रेक्षक गोंधळला असता. म्हणजे तुम्ही ज्याला चूक म्हणता ती बहुतेक नाइलाजाने केलेली तडजोड आहे.

आडवाट

कात्री, तीन चेहऱ्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण 'नाइलाज' मान्य नाही. 'द बुचर बॉय' बघा, नील जॉर्डनचा, १९९७चा. आत्मकथन नाही, पॅट्रिक मॅकेबची कादंबरी आहे, पण मामला तोच: छोटं आयरिश गाव, दारुडा बाप, मोडलेली आई, आणि सगळं सांगणारा पोरगा. तिथेही निवेदन मोठ्या माणसाचंच, स्टीफन रे. फरक असा की तो मोठा फ्रान्सी शहाणा झालेला नाही. लहान फ्रान्सी पडद्यावरून त्याला उलट उत्तरं देतो, दोघांच्या गप्पा चालतात. प्रेक्षकाला कुठेही 'अरेरे' म्हणायची सोय ठेवलेली नाही. भयंकर आहे आणि हसवत हसवत अंगावर येतं. पार्करच्या दोनच वर्षं आधी, त्याच देशात, हे करून झालं होतं.

शॅननकाठ

इथे लिमरिकमध्येच राहतो, नोकरीनिमित्त. जरा स्थानिक भर.

एक, पाऊस. सिनेमा लागला तेव्हापासून इथल्या लोकांची तक्रार की बाबा, आमच्याकडे ऊनही पडतं. आकडा सांगतो, इथे वर्षाला साधारण १००० मिलिमीटर. रत्नागिरीत याच्या तिपटीहून जास्त. पण रत्नागिरीत तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथे बारा महिने भुरभुरतो. छत्री उघडावी का नाही हेच ठरत नाही असला. कपडे वाळत नाहीत, भिंती वाळत नाहीत, आणि पुस्तकात छळतो तो हा पाऊस: ओल, खोकला, छातीत कफ. सिनेमात मात्र धो धो.

दोन, ज्या गल्ल्यांमध्ये हे घडलं त्या कधीच पाडल्या गेल्या. त्यामुळे मकोर्ट कुटुंबाची रोडन लेन ही गल्ली डब्लिनला सेट लावून उभी केली. काही चित्रीकरण कॉर्कला झालं, काही इथे. तुम्ही गल्ली बघायला याल तर मिळणार नाही. हार्टस्टाँज स्ट्रीटवरची फ्रँकच्या लीमीज शाळेची लाल विटांची इमारत मात्र उभी आहे.

तीन, साउथ्स पब. फ्रँकने बिअरचा पहिला पाइंट प्यायला तो. तिथल्या प्रसाधनगृहांवर पुरुषांसाठी 'फ्रँक' आणि बायकांसाठी 'अँजेला' अशी नावं आहेत. अकरा घरांत एक संडास असलेल्या कुटुंबाचा असा सन्मान! मकोर्टला हे आवडलंच असणार.

टवाळ

शॅननकाठ, सिनेमात धो धो का याचं उत्तर कात्री देतील, पण मी आधी देतो: भुरभुर कॅमेऱ्याला दिसत नाही. आमच्या कॉलेजच्या एकांकिकेच्या चित्रीकरणात शॉवर लावूनही पाऊस दिसेना, शेवटी अग्निशामक दलवाला मित्र शोधला.

कात्री

टवाळ, शंभर टक्के. बारीक पाऊस मागून प्रकाश टाकल्याशिवाय पकडला जात नाही, म्हणून मोठे थेंब पाडावे लागतात. मोठे थेंब पडले की रस्त्यावरचा माणूस आपोआप बिचारा दिसतो. सेरेसिनने रंगही पिळून काढलेत, सगळं हिरवट राखाडी. पार्करबरोबर तो 'मिडनाइट एक्स्प्रेस'पासूनच काय, त्याच्याही आधीपासून काम करत होता, म्हणजे हे अजाणता झालेलं नाही. दोघांनी ठरवून लिमरिकला एक रंग दिला. सुंदर दिसतं, हीच तक्रार आहे म्हणा ना. गरिबीची चौकट इतकी नेटकी की भिंतीवर लावावी. पुस्तकातलं पोर स्वतःच्या गल्लीकडे असं कधी बघेल? त्याला गल्लीत कोण मारेल आणि कुठे गोडाचा तुकडा मिळेल एवढंच दिसणार.

जुनाजाणता

मंडळी, चर्चा उत्तम चालली आहे. माझ्या पिढीला गरिबीचं आत्मकथन आणि सिनेमा म्हटलं की 'श्यामची आई'च आठवणार. अत्र्यांचा चित्रपट १९५३चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला. तो तर पुस्तकाइतकाच लोकांच्या मनात बसला. मग तिथे जमलं आणि इथे का नाही?

मला वाटतं, साने गुरुजींचा श्याम मोठा झालेला आहे. तो आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्ट सांगतो आहे, सांगता सांगता स्वतःच गहिवरतो आहे. म्हणजे पुस्तकातच अश्रू आहेत आणि ते मोठ्या माणसाचे आहेत. कॅमेरा त्या श्यामच्या शेजारी बसला की काम झालं. वनमालाबाई आणि माधव वझे यांनी बाकीचं केलं. मकोर्टच्या पुस्तकात सांगणाराच रडत नाही. तिथे कॅमेरा रडायला लागला तर तो परका वाटणार. सूनबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बाबा, तुम्ही धाग्यावर लिहा." म्हणून लिहिलं.

आडवाट

काका, सूनबाईंचे आभार माना. हेच मला पहिल्या प्रतिसादापासून म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं.

रेवा_प

सगळे विनोदाबद्दल बोलताय, मला लामन ग्रिफिनबद्दल बोलायचं आहे. घर गेल्यावर अँजेला मुलांना घेऊन या चुलतभावाकडे आश्रयाला राहते. तो वर माळ्यावर झोपतो. रात्री त्याला चहाचा शेवटचा मग देण्यासाठी ती वर चढते, आणि खाली पोरगा जागा असतो. पुस्तकात हे सगळं ऐकण्यातून कळतं. पोरगा त्याला धड नाव देऊ शकत नाही, पण त्याला कळलंय हे आपल्याला कळतं.

लिमरिक सर्वांत जास्त भडकलं ते याच भागावर. स्वतःच्या आईबद्दल असं लिहावं का? तिथल्या जेरार्ड हॅनन यांनी उत्तरादाखल 'ॲशेस' नावाचं पुस्तकच काढलं, नट रिचर्ड हॅरिस हा लिमरिकचाच, तोही उघडपणे विरोधात बोलला. अँजेला १९८१ मध्येच वारल्या होत्या, त्यांची बाजू ऐकायला कुणी नव्हतंच. असं सांगतात की फ्रँक आणि मॅलकी हे दोघे भाऊ आपल्या बालपणावर 'अ कपल ऑफ ब्लॅगार्ड्स' हा रंगमंचीय कार्यक्रम करायचे, तेव्हा एका प्रयोगात आई प्रेक्षकांतून उठून ओरडली होती की हे सगळं खोटं आहे.

पुस्तकात एक माणूस आठवतोय ही पळवाट असते. पडद्यावर ती राहत नाही. नटीला शिडी चढावीच लागते, आणि जे दिसलं ते 'घडलं' होतं. म्हणून मला वाटतं, आत्मकथनाचा सिनेमा करणाऱ्याची जबाबदारी लेखकापेक्षा जास्त.

खडीसाखर

रेवा, मग वॉटसनचं काम अजून मोठं नाही का? शिडी चढणारी बाई वाईट वाटू नये, दुबळीही वाटू नये. तिथे मला पोराचा राग पटला नाही, मी आईच्या बाजूने होते. पुस्तक वाचताना पोराच्या बाजूने. म्हणून म्हणते, सिनेमाने अँजेलाला न्याय दिला. नाव तिचं आहे पुस्तकाला!

शॅननकाठ

नावातली राख तर पहिल्या पुस्तकात येतच नाही. अँजेलाची रक्षा मुलांनी लिमरिकबाहेर मंग्रेट ॲबीच्या जुन्या दफनभूमीत विखुरली, ते मकोर्टच्या दुसऱ्या पुस्तकात आहे.

लिमरिककरांच्या रागाबद्दल: तो आता बराच निवला आहे. इथल्याच विद्यापीठाने मकोर्टना मानद डॉक्टरेट दिली. २०१७ मध्ये लाइम ट्री थिएटरला या पुस्तकावरची संगीतिका झाली, आणि माझ्या शेजारच्या आजोबांनी सहकुटुंब पाहिली. ते स्वतः अशाच एका गल्लीतले. म्हणाले, गाणी असल्यामुळे खरं वाटलं, आमच्याकडे दुःखात लोक गायचेच. सिनेमाबद्दल विचारलं तर म्हणाले, "फार शांत आहे रे. गल्ली अशी शांत कधी नव्हती."

कात्री

शॅननकाठ, आजोबांना माझ्याकडून एक पाइंट.

खरंच, पुस्तकभर बाप गातो. दारू पिऊन आला की पोरांना झोपेतून उठवून रांगेत उभं करतो, आयर्लंडसाठी मरायची शपथ घ्यायला लावतो, आणि 'केव्हिन बॅरी' नाहीतर 'रॉडी मॅकॉर्ली'. बॅरी हा १९२० साली फाशी गेलेला अठरा वर्षांचा मुलगा. मॅकॉर्लीला १८०० साली टूम गावात फाशी दिली, आणि हा बाप त्याच टूमचा! म्हणजे उत्तरेकडच्या बोलीमुळे लिमरिकमध्ये ज्याला कुणी कामावर उभं करत नाही, तो माणूस मध्यरात्री आपल्या गावचं गाणं म्हणतोय. सगळा माणूस या एका गाण्यात आहे. कार्लाइल ते चांगलं करतो. आणि मग त्याच्यानंतर विल्यम्सचा पियानो आणि व्हायोलिनं येऊन आपल्याला सांगतात की आता वाईट वाटून घ्या. मी संकलक असतो तर पार्श्वसंगीत अर्धं काढलं असतं. विल्यम्सला काढायची हिंमत कुणाची होणार ते वेगळं.

आडवाट

बापाबद्दल कात्रींना अनुमोदन. फ्रँकच्या डोक्यात बाप म्हणजे पवित्र त्रिमूर्ती असतो. सकाळी वर्तमानपत्र वाचणारा एक, रात्री आयरिश पुराणातल्या कुकुलन या वीराच्या गोष्टी सांगणारा दुसरा, आणि पिऊन येणारा तिसरा. कॉलर-टाय सुटत नाही, रस्त्यावर सांडलेला कोळसा वेचायला वाकत नाही, ख्रिसमसचं डुकराचं मुंडकं हातातून न्यायला लाज वाटते म्हणून पोराला न्यायला लावतो. पावसात वर्तमानपत्र भिजून गळून पडतं आणि गल्लीतली पोरं दात काढतात. कार्लाइलने या माणसाचा खलनायक केला नाही, याबद्दल मी सिनेमाला पूर्ण गुण देते.

जुनाजाणता

आणखी एक आयरिश उदाहरण कुणी कसं काढलं नाही? 'माय लेफ्ट फूट'. ख्रिस्टी ब्राउनचं आत्मकथन, डब्लिनच्या गवंड्याचं घर, पोरांचं लेंढार, कोळशाची तीच मारामार. जिम शेरिडनचा सिनेमा १९८९चा, डॅनियल डे-लुईस आणि आईचं काम करणारी ब्रेंडा फ्रिकर, दोघांनाही ऑस्कर. पहिल्याच दृश्यात तो पायाने तबकडी लावतो. कीव करायला आपल्याला वेळच देत नाही, कारण तो पाय काहीतरी करतो आहे. फ्रँक मात्र बराच काळ सोसतो. तार वाटणारा पोरगा होईपर्यंत त्याच्या हातात काही नसतं.

रेवा_प

काका, म्हणूनच शेवटचा भाग चांगला झालाय ना? सावकारणीसाठी धमकीची पत्रं लिहितो आणि ती मेल्यावर तिची उधारीची वही नदीत भिरकावतो. करतो काहीतरी.

आडवाट

आता शेवटचा प्रश्न टाकते. आजच्या काळात कुणी याची आठ भागांची मालिका केली तर? माझ्या मते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात हवा असलेला भाग रुग्णालयाचा. दहा वर्षांचा फ्रँक विषमज्वराने पडलेला, बाजूच्या खोलीत घटसर्प झालेली पॅट्रिशिया. भेटायची परवानगी नाही. ती पलीकडून त्याला एका दरोडेखोराची कविता वाचून दाखवते, थोडी थोडी. नर्सला कळतं, दोघांना तोडतात, ती दोन दिवसांत जाते, आणि कविता अर्धीच राहते. मग फरशी पुसणारा शेमस, ज्याला वाचता येत नाही, तो पबमधल्या कुणाकडून उरलेली कडवी पाठ करून आणतो.

मी दिग्दर्शक असते तर पॅट्रिशियाला दाखवलंच नसतं. फक्त आवाज. कॅमेरा फ्रँकच्या छतावर.

टवाळ

छतावर सात मिनिटं? प्रेक्षक मोबाइल काढेल.

कात्री

काढणार नाही, ध्वनी नीट केला तर. मला हे आवडलं. आणि सबंध मालिकेत निवेदन पोरालाच द्यावं, वर्तमानकाळात, वय वाढेल तसं आवाज बदलू द्यावा. आठ तास असतील तर प्रेक्षकाला बदलाची सवय होते. तीन मुलांची अडचण अडीच तासांच्या सिनेमाची आहे. मकोर्टने स्वतः वाचलेलं ध्वनिपुस्तक ऐका कुणीतरी. म्हातारा आवाज आहे, पण एकदाही गहिवरत नाही. सपाट वाचत जातो आणि आपण बसमध्ये एकटेच हसतो.

खडीसाखर

आठ तास? तीन लेकरं जातात हो त्यात. पार्करने अडीच तासांत उरकलं ते उपकारच. तुम्ही मालिका करा, मी आधी कोण कोण कितव्या भागात जातं ते विचारून घेईन आणि मगच लावीन.

टवाळ

खडीसाखरताई, पहिल्या भागात एक, दुसऱ्यात दोन. तिसऱ्यापासून बिनधास्त लावा, देव परसात पडतो तिथून.